फोटो जागचा हलला नाही पाहिजे

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दुकानात बायोडाट्यांची रांग लागते. कराडला तहसील कचेरीच्या मागच्या बोळात माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, कॉलेजचे प्रोजेक्ट, आणि संध्याकाळी सहानंतर लग्नाच्या मुलामुलींचे आईबाप. चारेक वर्षांपूर्वी असेच एक काका दुसऱ्या दिवशी परत आले. पेन ड्राइव्हवर वर्डची फाइल मागून नेली होती. घरी पुतण्याने 'मामेकुळ' म्हणून एक ओळ वाढवली आणि मुलीचा फोटो घसरून थेट कुलदैवताच्या ओळीवर जाऊन बसला.

"ताई, आमची पोरगी तुळजाभवानीच्या डोक्यावर बसली हो," काका म्हणाले.

पुतण्याचं काही चुकलं नव्हतं, चूक माझीच. फोटो मी माउसने ओढून नजरेला बरा दिसेल तिथे सोडून दिला होता. कागदावर छापून द्यायचं असेल तर तेवढं पुरतं. पण जी फाइल उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार, जिच्यात दर वेळी नवं नाव, नवा फोटो आणि कमीजास्त ओळी येणार, तिथे फोटो असा सोडून चालत नाही. त्याला घर बांधून द्यावं लागतं. ते मी कसं बांधते ते सांगते. माझ्याकडे वर्ड २०१६ आहे, पण २०१३ पासून पुढच्या कुठल्याही वर्डमध्ये बटणं जवळपास याच जागी सापडतील.

अक्षर की पतंग

वर्डमध्ये चित्र दोनच तऱ्हांनी राहतं. 'इन लाइन विथ टेक्स्ट' असेल तर ते म्हणजे एक मोठं अक्षर. ओळीत बसतं, बॅकस्पेसने पुसलं जातं, ओळ मध्यभागी घेतली की तेही मध्ये येतं. इन्सर्टमध्ये जाऊन पिक्चर्समधून फोटो आणला की तो मुळात असाच येतो. बाकीचे सगळे प्रकार, म्हणजे स्क्वेअर, टाइट, थ्रू, टॉप अँड बॉटम, बिहाइंड टेक्स्ट आणि इन फ्रंट ऑफ टेक्स्ट, हे पतंग. हवे तिथे उडवा. फक्त प्रत्येक पतंगाची दोरी कुठल्या ना कुठल्या परिच्छेदाला बांधलेली असते, आणि ती दोरी आपल्याला दिसत नाही, सगळी भानगड तिथे आहे.

दिसायला हवी असेल तर फाइल, ऑप्शन्स, डिस्प्ले इथे जाऊन 'ऑब्जेक्ट अँकर्स'वर टिक करा. मग ज्या परिच्छेदाला फोटो बांधलाय त्याच्या शेजारी समासात छोटा नांगर दिसतो. काकांच्या फाइलमध्ये तो नांगर 'जन्मवेळ'च्या ओळीपाशी होता. पुतण्याने वर ओळ घातली, जन्मवेळ खाली सरकली, तिच्यामागे फोटो सरकला. इतकंच झालं होतं.

याहून वाईट म्हणजे नांगराची ओळच कुणी पुसली तर फोटोही तिच्याबरोबर जातो. दुकानात मदतीला येणाऱ्या मुलीने एकदा गिऱ्हाइकाला रक्तगट नको म्हणून ती ओळ अख्खी निवडून काढली आणि मग दहा मिनिटं फोटो शोधत बसली. 'फिक्स पोझिशन ऑन पेज' हा पर्याय बऱ्याच जणांना रामबाण वाटतो. पानावरची जागा त्याने पक्की होते हे खरं, पण नांगराची ओळ दुसऱ्या पानावर गेली की फोटो दुसऱ्या पानावर जातो आणि तिथे तीच जागा धरून बसतो. 'लॉक अँकर'ने नांगर दुसऱ्या परिच्छेदाला चिकटत नाही, एवढाच त्याचा उपयोग. ओळ सरकायची ती सरकतेच.

म्हणून मी आता चित्राला आधी एक प्रश्न विचारते: तुझं नातं मजकुराशी आहे का पानाशी? मुलीचा फोटो मजकुराचा, तो अक्षर होऊन टेबलच्या चौकटीत राहणार. भोवतीची वेलबुट्टी, वरचा गणपती, लेटरहेडवरचा लोगो ही पानाची चित्रं, ती हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या समासातल्या जागेत जाणार. पानाच्या मध्यात मोकळा पतंग माझ्या नमुन्यात एकही नसतो.

फोटोचं घर

कागद ए-४, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटर. चारी बाजूंनी २ सेंटिमीटर समास सोडला की लिहायला १७ सेंटिमीटर रुंदी उरते. वरच्या बाजूला एक ओळ, दोन रकाने असं टेबल घाला. डावा रकाना १३ चा, त्यात नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, शिक्षण, उंची. उजवा ४ चा, तो फोटोचा.

४ च का? पासपोर्ट फोटो ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा. वर्ड टेबलच्या प्रत्येक घरात डावीउजवीकडे ०.१९ सेंटिमीटर जागा स्वतःहून सोडतं. दोन्हीकडची मिळून ०.३८. चारातून ती गेली की ३.६२ उरतात आणि ३.५ चा फोटो अंग चोरून बसतो. रकाना बरोबर ३.५ चा केलात तर आत ३.१२ च उरेल आणि फोटो बारीक होऊन येईल. हे गणित मला पहिल्यांदा सुटलं नव्हतं. सहा महिने माझ्या दुकानातून जरा छोटेच फोटो गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही ही देवाची कृपा.

आता सगळ्यात महत्त्वाची टिक, जी काढायची आहे. टेबलवर राइट क्लिक, टेबल प्रॉपर्टीज, पहिल्याच पानावर ऑप्शन्स, आणि तिथली 'ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कन्टेन्ट्स' ही खूण काढून टाका. ती असली की मोठा फोटो आत येताच रकाना फुगतो, शेजारचा चेंगरतो, आणि 'इंजिनिअरिंग' हा शब्द दोन ओळींत तुटतो. ती काढली की उलटं होतं: टेबल जागचं हलत नाही, बाहेरून आणलेला फोटोच रकान्याच्या रुंदीइतका होऊन आत येतो.

ओळीची उंची टेबल प्रॉपर्टीजमधल्या 'रो' या पानावर. तिथे 'अॅट लीस्ट' आणि 'एक्झॅक्टली' असे दोन पर्याय आहेत. मी हौसेने 'एक्झॅक्टली ४.८' ठेवलं होतं, म्हणजे घर वरखाली होणारच नाही. झालं काय, एका मुलाचं शिक्षण दोन ओळींचं निघालं, डाव्या रकान्यातला मजकूर उंचीत मावेना, आणि न मावलेली शेवटची ओळ वर्डने गुपचूप झाकून टाकली. छापून हातात दिल्यावर मुलाची आई म्हणाली, "उंची कुठंय?" तेव्हापासून शेजारी मजकूर असेल तिथे 'अॅट लीस्ट'. नुसत्या फोटोंची ओळ असेल तिथेच 'एक्झॅक्टली'.

दोन बारीक गोष्टी आणखी. फोटोच्या घरातल्या परिच्छेदाला खालची मोकळी जागा शून्य करा. नाहीतर खाली जागा राहते आणि फोटो घरात वर चढल्यासारखा दिसतो. आणि या टेबलाखाली कौटुंबिक माहितीचं दुसरं टेबल असेल तर दोघांच्या मध्ये एक रिकामा परिच्छेद राहू द्या. तो काढलात तर दोन्ही टेबलं एकमेकांना चिकटून एक होतात. फार जागा खातो वाटलं तर त्याचा फॉन्ट २ पॉइंट करा.

टेबलच्या रेघा शेवटी 'नो बॉर्डर' करायच्या. काम चालू असताना मात्र लेआउटमधलं 'व्ह्यू ग्रिडलाइन्स' चालू ठेवते, भिंती कुठे आहेत ते दिसायला. या रेघा छापल्या जात नाहीत.

गणपतीचा फक्त उंदीर दिसतो तेव्हा

वरचा गणपती आणि 'श्री गणेशाय नमः' मी हेडरमध्ये ठेवते. पानाच्या वरच्या समासात दोनदा क्लिक केलं की हेडर उघडतं. चित्र घाला, उंची २ सेंटिमीटर करा, 'इन लाइन'च ठेवा आणि परिच्छेद मध्यभागी घ्या. झालं. ओढाताण नाही.

एखाद्या दिवशी असं होईल की गणपती घातला आणि दिसतोय फक्त पाटाचा काठ आणि उंदीर, वरचं सगळं गायब. चित्र खराब नाही. त्या परिच्छेदाचं लाइन स्पेसिंग कुणीतरी 'एक्झॅक्टली १२ पॉइंट' वगैरे करून ठेवलंय. ओळीत बसलेलं चित्र अक्षरच असल्यामुळे त्याला ओळीच्या उंचीएवढीच जागा मिळते, आणि ते तळाशी टेकलेलं असल्याने तळ तेवढा दिसतो. परिच्छेदाचं स्पेसिंग 'सिंगल' करा, बाप्पा पूर्ण प्रकट होतात. हा एक उपाय माहीत असला तरी दुकानात तुम्हाला मान मिळतो. गावातले दोन शिक्षक माझ्याकडे फक्त याच्यासाठी आले आहेत.

भोवतीची नक्षीदार चौकट हाच माझ्याकडचा एकमेव पतंग, पण तो हेडरमध्ये कोंडलेला. हेडरमध्येच चित्र घाला, रॅप टेक्स्टमध्ये 'बिहाइंड टेक्स्ट' निवडा, मग 'मोअर लेआउट ऑप्शन्स'मध्ये पोझिशनच्या पानावर आडवं आणि उभं दोन्ही अंतर 'पेज'पासून मोजायला सांगा. 'कॉलम' किंवा 'पॅरेग्राफ'पासून मोजलं तर समास बदलताच चौकट तिरपागडी होते. मी चौकट १९ बाय २७.७ ची करते आणि दोन्हीकडून १ सेंटिमीटर आत ठेवते. अगदी कडेपर्यंत नेली तर साध्या प्रिंटरवर कडा छापलीच जात नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "एका बाजूची वेल कापली हो."

हेडरमधली चित्रं मजकूर लिहिताना पडद्यावर फिकी दिसतात. छापल्यावर पूर्ण रंगात येतात. हे आधीच सांगून ठेवलं नाही तर प्रत्येक जण विचारतो, "ताई, गणपती पुसट का?"

बायोडाटा दोन पानी झाला तर गणपती आणि 'श्री गणेशाय नमः' दुसऱ्या पानावरही येतं. हेडरच्या डिझाइनमध्ये 'डिफरंट फर्स्ट पेज' टिक करा. त्यानंतर पहिल्या पानाचं हेडर वेगळं आणि पुढचं वेगळं होतं. चौकट दोन्हीत हवी असेल तर दोन्हीत एकेकदा ठेवावी लागते.

गणपतीमागे पांढरा चौकोन दिसत असेल, म्हणजे पिवळसर चौकटीवर पांढरा ठिगळ, तर ते चित्र जेपीजी आहे. त्या प्रकारात पारदर्शक पार्श्वभूमी राहत नाही. पीएनजी शोधा. तेच चित्र वापरायचं असेल तर पिक्चर टूल्समध्ये कलरखाली 'सेट ट्रान्सपरंट कलर' घेऊन पांढऱ्यावर क्लिक करा. कडा थोड्या दातेरी येतात, पण २ सेंटिमीटरच्या बाप्पाला ते खपून जातं.

बदलीचा फोटो

नमुन्यात खरा फोटो कधीच ठेवू नका. हे मी दुधाने तोंड पोळल्यावर सांगतेय. पूर्वी आम्ही आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायचो, सेव्ह अॅज करायचो आणि वरून लिहीत जायचो. एकदा एका मुलाच्या बायोडाट्यात आधीच्या मुलीची रास आणि नाडी तशीच राहिली. भटजींनी गुण जुळवले, जुळले नाहीत, मग कुठेतरी लक्षात आलं. फोटो राहिला असता तर काय झालं असतं, विचार करा.

आता नमुन्यात फोटोच्या जागी राखाडी चौकोन असतो, त्यावर 'फोटो' एवढंच लिहिलेलं. पेंटमध्ये ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा कागद घेऊन तो मी केला. हा आकडा कुठून आला तर ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर, ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. हा चौकोन इन लाइन म्हणून टेबलच्या घरात बसवते. नवं गिऱ्हाईक आलं की त्यावर राइट क्लिक, 'चेंज पिक्चर', नवा फोटो. डिलीट करून नव्याने इन्सर्ट करायचं नाही. चेंज पिक्चरने जागा आणि रॅप तसेच राहतात.

एक मात्र आहे, नव्या फोटोचं प्रमाण वेगळं असेल तर उंची किंवा रुंदी बदलते. मोबाइलचा उभा फोटो पासपोर्टपेक्षा जरा सडपातळ असतो. म्हणून फोटोवर राइट क्लिक, फॉरमॅट पिक्चर, चित्राच्या खुणेखाली क्रॉप. तिथे 'क्रॉप पोझिशन'मध्ये रुंदी ३.५ आणि उंची ४.५ टाका. चौकट पक्की होते, मग क्रॉपचं बटण दाबून आतला फोटो सरकवा, चेहरा नीट मध्ये घ्या. कोपऱ्याऐवजी बाजूचा ठिपका धरून ताणू नका. त्याने मुलगी रुंद किंवा मुलगा लांबोडका होतो, आणि स्थळ पाहायला आलेले लोक फोटोत आणि प्रत्यक्षात काय फरक आहे तेच बघत बसतात.

नमुना दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल, शाळेला किंवा वधूवर मेळावेवाल्यांना, तर याच्या पुढची पायरी आहे. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन इथे 'डेव्हलपर' टिक करा. त्या टॅबवर 'पिक्चर कन्टेन्ट कन्ट्रोल' नावाची खूण असते. ती फोटोच्या घरात घाला, आकार ३.५ बाय ४.५ करा, प्रॉपर्टीजमध्ये 'कन्टेन्ट कन्ट्रोल कॅनॉट बी डिलिटेड' टिक करा. आता समोरच्याला तिथे चित्राची खूण दिसते, क्लिक केलं की फोटो निवडायची खिडकी उघडते, आणि चुकून डिलीट दाबलं तरी घर पडत नाही. खालचा दुसरा पर्याय, आतला मजकूर बदलता येणार नाही असं सांगणारा, तो टिक करू नका. मी केला होता. मग फोटोच बदलता येईना.

गिऱ्हाईक फोटो कसा आणतं

खरी डोकेदुखी वर्डच्या आधीच सुरू होते. लोक व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात, तो पाठवताना दाबून लहान होतो. पासपोर्ट आकाराला वर लिहिलेले ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात, त्यामुळे तिथे सहसा निभावतं. पण दुसऱ्या पानावर ९ बाय १३ सेंटिमीटरचा उभा पूर्ण फोटो हवा असेल तर साधारण १०६३ बाय १५३५ पिक्सेल लागतात, आणि तो मोठ्या फोटोतून कापून काढलेला असेल तर छपाईत चेहरा विरघळतो. मी सांगते, फोटो म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तसा पाठवला की मूळ फाइल येते.

सगळ्यात वाईट म्हणजे स्क्रीनशॉट. वर बॅटरी १४ टक्के, खाली तीन बटणं, मध्ये नवरदेव. असा फोटो मी घेत नाही, मूळ आणायला लावते.

कापलेलं जात नाही

ही गोष्ट मी नमुना घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एका मुलीचा फोटो मैत्रिणींच्या घोळक्यातून क्रॉप केला होता. छान दिसत होता. वर्डची फाइलच पुढे गेली, समोरच्या घरच्या कुणीतरी फोटोवर क्लिक करून क्रॉपचं बटण दाबलं आणि बाजूला झाकलेला सगळा घोळका, त्यातल्या मुलांसकट, बाहेर आला. त्यात वावगं काहीच नव्हतं, कॉलेजची सहल होती. पण प्रश्न विचारले गेले.

वर्डमध्ये क्रॉप म्हणजे कापणं नसतं, झाकणं असतं. मूळ फोटो अख्खा फाइलमध्ये राहतो. खरोखर कापायचं असेल तर फोटो निवडा, पिक्चर टूल्समध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स', आणि 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स'वर टिक आहे ना ते बघून ओके. सगळ्या चित्रांना लावायचं असेल तर 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर'ची टिक काढा. शिवाय बाहेर पाठवायची ती पीडीएफ. वर्डची फाइल फक्त ज्यांना ओळी बदलायच्या आहेत त्यांना.

याच गुणाचा फायदाही होतो. जुन्या बायोडाट्यातला फोटो हवाय, मूळ हरवलाय, असं कुणी आलं की फाइलची एक प्रत करते, नावाच्या शेवटी डॉकेक्सच्या जागी झिप लिहिते आणि उघडते. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'मीडिया', त्यात सगळी चित्रं सुटी पडलेली असतात. पडद्यावरून स्क्रीनशॉट काढण्यापेक्षा कितीतरी चांगला फोटो मिळतो.

शाळेचा अहवाल: पानावर सहा फोटो

फेब्रुवारी-मार्चला शाळांचे अहवाल येतात. स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, विज्ञान प्रदर्शन. एका पानावर सहा फोटो, खाली नावं. इथेही लोक सहा पतंग उडवतात आणि अलाइनची बटणं दाबत बसतात. मी पुन्हा टेबल करते: दोन रकाने, सहा ओळी, एक ओळ फोटोंची आणि तिच्याखाली एक नावांची. १७ सेंटिमीटरचे दोन भाग ८.५ चे, त्यातून ०.३८ वजा जाता ८.१२. मोबाइलचा आडवा फोटो सहसा चारास तीन असतो, म्हणजे ८.१ रुंद आणि सुमारे ६.१ उंच. फोटोच्या ओळीची उंची 'एक्झॅक्टली ६.२', नावाची 'अॅट लीस्ट ०.८'. तिन्ही जोड्या मिळून २१ सेंटिमीटर, २५.७ च्या जागेत वर मथळ्यालाही जागा राहते.

फोटो एका पानावर आणि त्याचं नाव पुढच्या पानावर जाऊ नये म्हणून फोटोच्या ओळीतल्या परिच्छेदांना 'कीप विथ नेक्स्ट' द्या, आणि टेबल प्रॉपर्टीजच्या रो पानावरची 'अलाउ रो टू ब्रेक अॅक्रॉस पेजेस' ही टिक काढा. प्रमुख पाहुण्यांचा फोटो आणि खाली 'विजेता बैल' असं होता होता वाचलंय एकदा.

फाइल फुगते ती अशा अहवालांत. साठ फोटो घातले की मेलला जोडता येत नाही. फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, 'इमेज साइझ अँड क्वालिटी' इथे वर्ड फोटो २२० पीपीआयवर, म्हणजे इंचाला २२० पिक्सेलवर आणून ठेवतं. छपाईला ते पुरतं. ही सेटिंग त्या त्या फाइलची असते, म्हणून नमुन्यातच लावून ठेवायची. इन्सर्ट करताना 'लिंक टू फाइल' निवडून फाइल हलकी करायचा मोह टाळा. तसं केलं की फोटो फाइलमध्ये नसतोच, फक्त पत्ता असतो, आणि मुख्याध्यापकांच्या कॉम्प्युटरवर फोटोंच्या जागी लाल फुल्या दिसतात.

नमुना म्हणून जपून ठेवणं

सेव्ह अॅजमध्ये प्रकार 'वर्ड टेम्पलेट' निवडा. डॉक्युमेंट्समधल्या 'कस्टम ऑफिस टेम्पलेट्स' या फोल्डरमध्ये फाइल जाते आणि पुढे फाइल, न्यू, पर्सनल इथे दिसते. टेम्पलेटवर दोनदा क्लिक केलं की त्याची कोरी प्रत उघडते, मूळ तसंच राहतं. मूळच दुरुस्त करायचं असेल तर राइट क्लिक करून 'ओपन' म्हणायचं. हा फरक मदतीच्या मुलीला कळला त्या दिवसापासून दुकानातली निम्मी चिडचिड संपली.

फॉन्टबद्दल एवढंच, की नमुना मंगल, कोकिळा, निर्मला अशा युनिकोड फॉन्टातच करा. श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर अक्षरांची चिन्हं होतात. युनिकोडमध्ये अक्षरं तरी वाचता येतात, पण फॉन्ट बदलला की ओळींची उंची बदलते, ओळी खाली सरकतात आणि पतंग असतील तर तेही सरकतात. मंगलच्या ओळी कोकिळापेक्षा चांगल्याच उंच असतात. फाइल, ऑप्शन्स, सेव्हमध्ये 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' आहे. फॉन्ट परवानगी देत असेल तर ते टिक करा.

लिब्रे ऑफिस वापरणाऱ्यांना सगळं हेच, शब्द वेगळे. तिथे चित्राच्या 'अँकर'मध्ये 'अॅज कॅरेक्टर' निवडलं की ते अक्षर होतं. आणि तिथली एक सोय मला वर्डपेक्षा आवडते: इन्सर्ट, फील्ड, मोअर फील्ड्स, फंक्शन्समध्ये 'प्लेसहोल्डर' आहे, त्याचा प्रकार 'इमेज' घेतला की कागदावर एक शब्द उमटतो, त्यावर क्लिक केलं की फोटो विचारतो. डेव्हलपर टॅब शोधायची गरज नाही.

नमुना तयार झाला की मी तो मोडायचा प्रयत्न करते. वर तीन ओळी वाढवते. 'शिक्षण'मध्ये अख्खा परिच्छेद चिकटवते. सगळं निवडून फॉन्ट मंगलचा कोकिळा करते. आडवा फोटो घालते, मग उभा. रक्तगटाची ओळ उडवते. मोबाइलवर पाठवून तिथे उघडते, कारण मुलाकडचे तो तिथेच बघणार. टेबलातला फोटो मोबाइलच्या साध्या अॅपमध्येही आपल्या घरात राहतो, पतंग तिथे कुठेही जातात.

काका गेल्या मार्गशीर्षात पुन्हा आले होते, धाकटीसाठी. चार मामा, चौघांची नावं गावासकट, शिवाय आत्याचे यजमान हवेत म्हणाले. मी पाच ओळी वाढवल्या. फोटो होता तिथेच होता. काकांनी चष्मा वर करून कुलदैवताची ओळ शोधली, बोट ठेवून बघितली, आणि मग म्हणाले, "दहा प्रती काढा, रंगीत."